कुत्र्याला घेऊन पाण्याकांठीं



आपल्या शहरांतील पुष्कळशा घरांत कुत्रा हा आतां केवळ दारावरचा राखणदार राहिलेला नाहीं. तो घरच्या मंडळींपैकींच एक झाला आहे. मुलें त्याच्याशीं खेळतात, वडील माणसें त्याला घेऊन सकाळीं फिरावयास जातात. तेव्हां सुटीच्या दिवशीं सर्व मंडळी सहलीस निघाली असतां त्यालाहि बरोबर न्यावें, अशी इच्छा होणें स्वाभाविक आहे. आणि आपल्या वऱ्हाडांत सहल म्हटली म्हणजे पाण्याचा कांठ हा आलाच. अमरावतीकरांना वडाळी व छत्री हे दोन तलाव घरापाशींच आहेत. थोडें दूर जावयाचें तर मोर्शी तालुक्यांत सिंभोरा येथें अप्पर वर्धा धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. त्याला नल-दमयंती सागर असें सुंदर नांव दिलेलें आहे. आणि त्याच वर्धा नदीच्या प्रवाहाबरोबर खालीं आलें म्हणजे तिवसा तालुक्यांतील कौंडण्यपूर लागतें. अशा ठिकाणीं कुत्र्याला नेतांना कोणता विचार करावा, हें आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु तो तसा नाहीं. कुत्र्याला घेऊन पाण्याकांठीं गेल्यानें तीन जीवांशीं आपला संबंध येतो. पहिला त्या कांठावर राहणाऱ्या व येणाऱ्या माणसांचा, दुसरा खुद्द आपल्या कुत्र्याचा आणि तिसरा त्या पाण्यावर जगणाऱ्या पशुपक्ष्यांचा. या तिघांपैकीं कोणालाहि आपल्या हौसेची किंमत द्यावी लागूं नये, एवढेंच पाहावयाचें असतें. आणि तें पाहण्याची वेळ नदीवर पोंचल्यावर नव्हे, तर घरून निघण्यापूर्वींच असते.

प्रथम ठिकाणाविषयीं दोन शब्द. कौंडण्यपूर अमरावतीहून सुमारें चाळीस किलोमीटरवर आहे. प्राचीन विदर्भाची ही राजधानी, रुक्मिणीचें हें माहेर, दमयंती येथलीच राजकन्या, अशी आपली परंपरा सांगते. जेथून श्रीकृष्णानें रुक्मिणीचें हरण केलें असें मानतात, तें अंबिकेचें देऊळ येथें आहे. १९६०च्या दशकांत डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं येथील टेकाडांचें उत्खनन केलें व त्याचा अहवाल १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. आषाढी वारीसाठीं येथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपुरास जाते. कार्तिकांत येथें मोठी यात्रा भरते. म्हणजे हें ठिकाण केवळ मोकळ्या हवेचें नव्हे. येथें भाविक येतात, गांवचीं माणसें पाण्यावर येतात, गुरें पाणी पितात, आणि जमिनीच्या पोटांत दोन हजार वर्षांपूर्वींच्या वस्तीचे अवशेष आहेत. कुत्र्याला पायांनीं माती उकरण्याची उपजत आवड असते. जुन्या टेकाडावर ती पुरवूं नये, हें वेगळें सांगावयास नको.

आतां माणसांचा विचार करूं. आपला कुत्रा आपल्याला ओळखीचा असतो. परक्याला तो केवळ एक दांत असलेला प्राणी असतो. “तो कांहीं करीत नाहीं हो!” हें मालकाचें आश्वासन ऐकून भ्यालेल्या मुलाची भीति जात नाहीं. म्हणून मंदिराच्या वाटेवर, घाटावर आणि जेथें माणसें जेवावयास बसलीं आहेत तेथें कुत्रा आंखूड दोरीनें बांधलेलाच असावा. त्याचें आणखी एक कारण आहे. प्रत्येक गांवाला आपले कुत्रे असतात व त्यांची हद्द ठरलेली असते. शहरांतला नवा कुत्रा मोटारींतून उतरतांच ते धांवून येतात, जुंपते, आणि सोडवावयास गेलेल्या मालकाच्या हाताला दांत लागतो. अशा वेळीं कुत्र्यांच्या मध्यें हात कधींहि घालूं नये. बादलीभर पाणी अंगावर ओतावें किंवा मोठा आवाज करावा.

दांत लागणें ही गोष्ट आपल्या देशांत हसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेंतून होणारा अलर्क रोग, म्हणजे रेबीज, एकदां अंगांत प्रकट झाला कीं रोगी बहुधा वांचत नाहीं. पॅरिसमध्यें लुई पाश्चर यानें १८८५ सालीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोचून त्याचे प्राण वांचविले. तेव्हांपासून हा रोग टाळतां येण्यासारखा झाला आहे. आपल्याकडेहि १९०० सालीं कसौली येथें व १९०७ सालीं कुन्नूर येथें पाश्चर संस्था निघाल्या. तरीहि माणसें मरतात, याचें कारण उपाय नाहीं हें नव्हे. उपायाला उशीर होतो, हें आहे. दांत किंवा नख लागलें, लहानसें खरचटलें, तरी जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी. मिरची, चुना, तेल, हळद असें कांहींहि तिच्यावर लावूं नये. नंतर त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घेण्यास आरंभ करावा व ठरलेल्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्या. जखमेंतून रक्त आलें असेल, तर लशीबरोबर जखमेंत द्यावयाचें वेगळें प्रतिविष औषधहि असतें. त्याविषयीं डॉक्टरांना आवर्जून विचारावें. आपल्या कुत्र्याला तीन महिन्यांचा असतांना लस टोचावी, व पुढें पशुवैद्य सांगतील त्या मुदतीनें, बहुधा दरवर्षीं, ती पुन्हा टोचावी. ज्या कुत्र्याची ही लस झालेली नाहीं, त्याला सहलीस नेऊंच नये.

दुसरी गोष्ट विष्ठेची. शेणाप्रमाणें तिचें खत होतें असा कित्येकांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. कुत्र्याच्या आंतड्यांत आंकुशकृमि असतात. त्यांचीं अंडीं विष्ठेबरोबर बाहेर पडतात आणि ओलसर, उबदार वाळूंत त्यांतून सूक्ष्म अळ्या निघतात. अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या तळपायाच्या कातडींतून त्या आंत शिरतात व कातडीखालीं नागमोडी, खाजणारे वळ उठतात. कौंडण्यपूरच्या वाळवंटांत कोण अनवाणी चालतें, हें आठवावें. वारकरी चालतात, नदीवर येणाऱ्या बाया चालतात, खेळणारीं मुलें चालतात. सिंभोऱ्याच्या जलाशयाचें पाणी तर अमरावती शहराच्या नळांतून आपल्याच घरीं येतें. म्हणून कुत्र्याला वेळच्या वेळीं जंताचें औषध द्यावें आणि सहलीस निघतांना कागदी पिशव्या व एक लहान फावडें बरोबर ठेवावें. मालकानें स्वतः वांकून तें साफ करावें. यांत कमीपणा कांहीं नाहीं.

आतां खुद्द कुत्र्याकडे वळूं. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. माणूस घामानें अंग थंड करतो. कुत्र्याला ही सोय जवळजवळ नाहींच. त्याच्या घर्मग्रंथि मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात, आणि अंगांतील उष्णता त्याला जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच बाहेर घालवावी लागते. त्याच्या शरीराचें निरोगी तपमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतें. तें १०४च्या वर गेलें कीं धोका सुरू होतो. चपट्या नाकाचे पग, बुलडॉग यांना धाप टाकणेंच कठीण जातें, आणि बर्फाळ प्रदेशांतला हस्की अंगावर जाड केसांची गोधडी घेऊनच जन्मास आलेला असतो. आपल्याकडचा गावठी कुत्रा या हवेला अधिक सरावलेला आहे. पण तोहि दुपारीं सांवली सोडीत नाहीं, हें पाहण्यासारखें आहे.

वाळू किती तापली आहे, हें पाहण्याची सोपी रीत अशी आहे. हाताचा मागील भाग वाळूवर ठेवून सात अंक मोजावे. तेवढा वेळ हात ठेववत नसेल, तर कुत्र्याच्या पायांनाहि ती सोसणार नाहीं. मोटार सांवलींत उभी करून, कांचा थोड्या उघड्या ठेवून कुत्र्याला आंत ठेवलें आणि मंडळी दर्शनास गेली, असें पुष्कळदां घडतें. बंद मोटारींतील हवा उन्हांत दहा मिनिटांत सुमारें दहा अंश सेल्सिअसनें तापते आणि कांच बोटभर उघडी ठेवल्यानें विशेष फरक पडत नाहीं. शिवाय सांवली एका जागीं राहत नसते. दर्शनास जावयाचें तर घरच्या एकानें कुत्र्यापाशीं झाडाखालीं थांबावें व पाळीपाळीनें जावें.

उष्माघाताचीं चिन्हें ओळखूं येतात. धाप थांबत नाहीं, लाळ चिकट व पुष्कळ गळते, हिरड्या लालभडक दिसतात, चालतांना झोक जातो, वांति होते. अशा वेळीं आधीं दवाखाना शोधीत धांवूं नये. आधीं अंग थंड करावें. सांवलींत नेऊन सर्व अंगावर साधें गार पाणी सतत ओतावें, वारा घालावा, शुद्धीवर असेल तर थोडथोडें पाणी पिऊं द्यावें, आणि मग पशुवैद्याकडे न्यावें. ओलें फडकें अंगावर गुंडाळून ठेवूं नये, कारण तें तापून उष्णता आंतच कोंडतें.

पाण्याविषयीं एक गोड गैरसमज आहे, तो असा कीं कुत्र्याला पोहतां येतेंच. पाय मारणें त्याला येतें. थकल्यावर कांठ गांठणें येतेंच असें नाहीं. आंखूड पायांच्या व चपट्या तोंडाच्या जातींना तर तरंगणेंहि जड जातें. वर्धा नदी मध्यप्रदेशांत मुलताईजवळ सातपुड्यांत उगम पावते. तिकडे पाऊस झाला म्हणजे कौंडण्यपुरीं आभाळ निरभ्र असतांहि पाणी चढूं शकतें. पावसाळ्यांत वरच्या धरणाचे दरवाजे उघडले कीं नदीकांठच्या गांवांना सावधानतेचा इशारा दिला जातो. तो इशारा सहलीच्या मंडळींनींहि आपल्यासाठींच समजावा. त्या दिवसांत कुत्र्याला पाण्यांत सोडूं नये. आणि तो वाहून जातांना दिसला तरी माणसानें मागोमाग उडी घेऊं नये. अनेक ठिकाणीं कुत्रा पुढें कांठाला लागतो आणि त्याच्यासाठीं उतरलेला माणूस बुडतो.

सांचलेल्या पाण्याचे धोके निराळे आहेत. उन्हाळ्यांत तलावाच्या कडेला हिरवट-निळसर, रंग सांडल्यासारखा दाट तवंग दिसतो. तें नील-हरित शैवाल असतें. त्यांतील कांहीं जाती इतक्या विषारी असतात कीं तें पाणी प्यालेला, किंवा पोहून आल्यावर अंग चाटलेला कुत्रा कांहीं तासांतच दगावूं शकतो. पावसाळ्यांतील डबक्यांत उंदरांच्या मुतांतून लेप्टोस्पायरा नांवाचे जंतु येतात. ते कुत्र्याला व माणसाला दोघांनाहि बाधतात. शिवाय आपल्या भागांत कपाशीचीं शेतें नदीपर्यंत आलेलीं आहेत. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले, हें आपण विसरलों नसाल. बांधावरच्या पिंपांतील किंवा सरींतील पाण्याला कुत्र्यानें तोंड लावणें किती धोक्याचें आहे, हें त्यावरून समजेल. घरचें पाणी व घरचें भांडें बरोबर न्यावें, हाच उत्तम उपाय.

सहलीला जेवण हें आलेंच, आणि वऱ्हाडी सहलीला गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले रोडगे व वांग्याची झणझणीत भाजी यांवांचून शोभा नाहीं. वास सुटला कीं कुत्रा समोर येऊन बसतो, त्याचे डोळे आर्जवी होतात आणि कोणीतरी त्याला पत्रावळीवरचें उचलून घालतें. कांदा व लसूण यांनीं कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षें व मनुका यांनीं मूत्रपिंडें बिघडतात. चॉकलेट त्याच्या हृदयाला बाधतें, आणि शिजलेलें कोंबडीचें हाड चिरफळून आंतड्याला टोंचतें. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. त्यांतील भूतदया अवश्य घ्यावी. तुपाची वाटी मात्र आवरती घ्यावी, कारण फार स्निग्ध पदार्थ कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सोसत नाहीं. साध्या रोडग्याचा कोरडा तुकडा त्याला पुरेसा आहे.

तिसरा विचार आहे तो ज्यांना बोलतां येत नाहीं अशा, कांठावरच्या रहिवाशांचा. नदीच्या बाजूला शेळ्या-मेंढ्यांचे कळप चरत असतात. कुत्र्याला तो खेळ वाटतो, पण कळपाला तो प्राणसंकट वाटतो; गाभण शेळी धांवतांना पडली तर मेंढपाळाचें वर्षाचें उत्पन्न बुडतें. टिटवीचें उदाहरण तर फार बोलकें आहे. ती उघड्या जमिनीवर, खड्यांमध्यें बहुधा चार अंडीं घालते. तीं खड्यांसारखींच दिसतात. वैशाखाच्या उन्हांत अंडीं भाजूं नयेत म्हणून ती स्वतः सांवली धरून उभी राहते आणि पाण्यावर जाऊन पोटाचीं पिसें भिजवून आणून अंडीं गार करते. मोकळा कुत्रा आसपास हुंगत फिरूं लागला कीं तिला उठावें लागतें. ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडते, आणि आपण म्हणतों, “पाहा, आपल्या मोत्यानें टिटवीला कशी उडविली!” पण तेवढ्या वेळांत खालीं अंडीं तापत असतात. कुत्र्यानें एकहि अंडें फोडलें नाहीं, तरी घरटें बुडूं शकतें.

दोरीनें बांधलेल्या कुत्र्याचाहि परिणाम होतो, हें आतां मोजून पाहिलेलें आहे. ऑस्ट्रेलियांत सिडनीजवळच्या वनांत झालेला एक अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या वाटांवरून कुत्र्यांना दोरीनें बांधून फिरविलें, तेथें दिसणाऱ्या पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनीं व त्यांच्या जातींची संख्या ३५ टक्क्यांनीं घटली. आपल्या जलाशयांवर हिंवाळ्यांत हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात. एवढा प्रवास करून आलेल्या पाहुण्याला पुन:पुन्हा उडावयास लावणें म्हणजे त्याची शक्ति फुकट घालविणें होय. म्हणून पक्षी जेथें उतरतात त्या कांठापासून कुत्र्याला दूरच ठेवावें.

जंगलालगतच्या पाण्यावर तर अधिकच जपावयास हवें. वडाळीच्या पाठीशीं पोहऱ्या-मालखेडचें वन आहे. तेथें बिबटे आहेत, आणि बिबट्याला कुत्रा हें आवडतें भक्ष्य आहे. उलट कुत्र्यापासून वन्य पशूंनाहि भय आहे. डिस्टेंपर नांवाचा कुत्र्यांचा सांथीचा रोग १९९४ सालीं आफ्रिकेंतील सेरेंगेटीच्या सिंहांत शिरला आणि तेथील सुमारें एक तृतीयांश सिंह दगावले. आपल्या गीरच्या वनांत २०१८ सालीं वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हां त्यांच्यांतहि याच रोगाचे विषाणु सांपडले. म्हणून चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनीं मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पांत कुत्रा नेण्याचें मनांतहि आणूं नये. डिस्टेंपरची लस प्रत्येक पाळीव कुत्र्याला दिलेली असावी, ती केवळ त्याच्यासाठीं नव्हे.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल कीं, मग कुत्र्याला नेऊंच नये कीं काय? तसें मुळींच नाहीं. कार्तिक उलटल्यापासून माघापर्यंतचे दिवस चांगले. यात्रेचा दिवस टाळावा, पहांटे निघून ऊन चढण्याच्या आंत नदीवर पोंचावें आणि मंदिरापासून व पाणवठ्यापासून दूर, शांत जागा पाहून कुत्र्याला लांब दोरीवर फिरूं द्यावें. तेवढ्यांतहि त्याला पुष्कळ सुख असतें. कारण नव्या जागेचे वास घेत हिंडणें यांतच त्याचा खरा आनंद असतो, धांवण्यांत नव्हे. घरीं परतल्यावर त्याचे कान कोरडे करावे, बोटांच्या बेचकांत व कानांमागें गोचीड आहे काय तें पाहावें, पंजांत कांटा किंवा मासे धरण्याचा गळ रुतला नाहीं याची खात्री करावी.

आणि ज्या दिवशीं ऊन कडक आहे, यात्रा भरली आहे, लस राहिली आहे, किंवा कुत्रा म्हातारा वा आजारी आहे, त्या दिवशीं त्याला घरच्या गार फरशीवर, पाण्याच्या भांड्यापाशीं, विश्वासाच्या माणसाजवळ ठेवून जावें. स्वर्गाच्या दाराशीं धर्मराजानें कुत्र्याची सोबत सोडली नाहीं, ही महाभारतांतील गोष्ट कुत्रा पाळणाऱ्यांना मोठी प्रिय असते. त्या कथेंतील कुत्रा आपण होऊन मागें आला होता. आपला कुत्रा आपण नेऊं तेथें येतो, उन्हांत नेलें तर उन्हांत येतो व पाण्यांत टाकलेली काठी आणावयास सांगितलें तर पुरांतहि उतरतो. त्याला नाहीं म्हणतां येत नाहीं. म्हणून केव्हां न्यावें आणि केव्हां नेऊं नये, हें त्याच्या वतीनें आपणच ठरवावयास हवें.